निर्वासितांच्या मुली आणि कायद्याची मर्यादा

1991 साली सियाद बार्रे यांची राजवट कोसळली आणि सोमालिया यादवीच्या खाईत लोटला गेला. लक्षावधी लोकांनी देश सोडला. कित्येक कुटुंबे केनियातील दादाबच्या छावण्यांत थांबली, तर कित्येक लंडन, स्टॉकहोम, ऑस्लो, मिनियापोलिस, मेलबर्न अशा दूरच्या शहरांत जाऊन वसली. निर्वासित माणसाला घरदार मागे टाकता येते. रूढी मात्र त्याची पाठ सोडत नाही. मुलींची सुंता ही अशीच एक रूढी आहे. सोमालियात 15 ते 49 वर्षे वयाच्या शंभरांपैकी जवळजवळ सर्वच स्त्रियांची सुंता झालेली आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक जणींच्या वाट्याला तिचा सर्वांत उग्र, ‘फिरऔनी’ प्रकार आलेला आहे. या प्रकारात बाह्य जननेंद्रियाचा भाग कापून जखमेच्या कडा शिवतात आणि केवळ एक लहानसे छिद्र मोकळे ठेवतात.

या कृत्याला वैद्यकशास्त्राचा कोणताही आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सहा आफ्रिकी देशांतील 28,000हून अधिक बाळंतपणांचा अभ्यास करून 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुंता झालेल्या स्त्रियांना सिझेरियनची गरज अधिक पडते, प्रसूतीनंतर रक्तस्राव अधिक होतो आणि अर्भके अधिक दगावतात, हे त्यातून स्पष्ट झाले. धर्माचा आधारही डळमळीतच. कुराणात या रूढीचा उल्लेख नाही. इथिओपिया आणि इजिप्तमधील ख्रिस्ती कुटुंबांतही ती आढळते. आणि कैरोच्या अल् अझर या मान्यवर इस्लामी पीठानेही 2007 साली तिला शरियतचा आधार नसल्याचे जाहीर केले.

तेव्हा कायद्याने बंदी घालावी हे ओघानेच आले. स्वीडनने 1982 साली, ब्रिटनने 1985 साली तशी बंदी घातली. मुलीला परदेशी नेऊन सुंता करवून आणणे हाही ब्रिटनमध्ये 2003च्या कायद्याने गुन्हा ठरला. 2015पासून तेथे अल्पवयीन मुलीची सुंता झाल्याचे आढळल्यास पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर, परिचारिकांवर आणि शिक्षकांवरही बंधनकारक आहे. आणि तरीही पहिला गुन्हा सिद्ध होण्यास 2019 साल उजाडले! चौतीस वर्षांत एक शिक्षा, हा हिशेब काय सांगतो? बंद दाराआड आजी, मावशी आणि आई यांच्या संमतीने जे घडते, त्याविरुद्ध साक्ष द्यायला सात-आठ वर्षांची मुलगी न्यायालयात उभी राहणे किती अवघड आहे, हेच तो सांगतो.

याचा अर्थ कायदा नको असा मुळीच नव्हे. ‘ती त्यांची संस्कृती आहे’ असे म्हणून हात झटकणे म्हणजे गोऱ्या मुलीच्या देहाला एक न्याय आणि सोमाली मुलीच्या देहाला दुसरा न्याय लावणे होय. तथापि कायद्याचा उपयोग धाकापेक्षा ढालीसारखा अधिक होतो. मायदेशी सुटीत जाणाऱ्या आईबापांवर तेथील नातलगांचे दडपण येते. अशा वेळी दाखवता यावे म्हणून ब्रिटिश सरकारने 2012 साली एक छोटेसे पत्रक काढले. सुंता हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होतो, असे त्यात नमूद आहे. सासूला तोंडावर ‘नाही’ म्हणू न शकणारी सून ते पत्रक पुढे करू शकते. कायदा लोकांच्या हाती गेला की तो असा बळ देतो. केवळ पोलिसांच्या हाती राहिला तर आया दवाखान्याची पायरी चढेनाशा होतात.

म्हणूनच या प्रश्नाची किल्ली उपचारात आहे. लंडनमधील नॉर्थविक पार्क रुग्णालयात 1993 साली आफ्रिकी स्त्रियांसाठी खास दवाखाना सुरू झाला आणि पुढे इतर रुग्णालयांनीही तोच मार्ग धरला. अशा ठिकाणी गरोदर स्त्रीला न लाजवता तपासतात, शिवलेला भाग प्रसूतीपूर्वी किंवा प्रसूतीच्या वेळी छोट्या शस्त्रक्रियेने मोकळा करतात आणि तो पुन्हा का शिवणार नाही, हेही तिला समजावतात. जेथे साऱ्याच जणी कापलेल्या, तेथे लघवीच्या आणि पाळीच्या वेदना हा स्त्रीजातीचा भोगच वाटतो. त्या वेदनांचे मूळ सुंतेत आहे, हे ज्या आईला स्वतःच्या देहावरून उमगते, तिला मुलीबाबत वेगळा उपदेश करावा लागत नाही. आईवरील उपचार हाच मुलीचा बचाव होय.

मात्र हे समजावणारी व्यक्ती परकी असून चालत नाही. घानातून आलेल्या परिचारिका एफुआ डॉरकेनू यांनी 1983 साली लंडनमध्ये ‘फॉरवर्ड’ ही संस्था स्थापन केली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्या त्या निर्वासित समाजातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून नेमण्यात आले. यामागचे कारण साधे आहे. आई क्रौर्यापोटी मुलीला कापत नाही. न कापलेल्या मुलीला नवरा मिळणार नाही, या भीतीने कापते. सर्वांनी मिळून सोडल्यावाचून ही भीती सुटत नाही. सेनेगलमधील मालिकुंडा बंबारा या गावच्या स्त्रियांनी 1997 साली रूढी सोडल्याचे जाहीरपणे सांगितले, ते याच जाणिवेने. परदेशी तर लग्नाचा बाजारच बदलतो. ‘आम्हाला अशी अट नको’ असे सोमाली तरुण आणि ‘धर्म हे मागत नाही’ असे मशिदीतील इमाम उघडपणे म्हणू लागले, की भीतीचा पाया खचतो. स्वीडन आणि नॉर्वेतील अभ्यासांत तेथील सोमालींमध्ये या रूढीचा पाठिंबा घटत गेल्याचे दिसून आले आहे.

हा प्रश्न दूरदेशीचा वाटत असेल, तर मुंबईकडेही पाहावे. दाऊदी बोहरा समाजातील मुलींच्या खतन्याविरुद्ध त्याच समाजातील स्त्रियांनी 2015 साली ‘सहियो’ ही संस्था काढली. 2017 साली प्रश्न याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे निर्वासितपण नाही, पण सुधारणेचा पहिला शब्द घरातूनच उमटला. निर्वासितांना आश्रय देणाऱ्या देशांनीही हेच ध्यानी घ्यायला हवे. ज्या स्त्रीने देश, घर आणि आप्त गमावले, तिला आरोपी म्हणून दाराशी उभे करायचे, की स्वतःच्या मुलीची रक्षक म्हणून घरात घ्यायचे? पुढच्या पिढीतील मुलींचे भवितव्य या उत्तरावर अवलंबून आहे.