नांगी नसलेला विंचू

जुन्या पुस्तकाच्या बांधणीतून तिळाएवढा तपकिरी जीव बाहेर आला, की अनेक घरांत तो गोचीड समजून चिरडला जातो. क्षणभर थांबून पाहिले तर आठ पाय आणि पुढे रोखलेले दोन मोठे चिमटे दिसतात. चिमटे विंचवाचे, पण शेपटी नाही, नांगीही नाही. काडीने डिवचले की तो चिमटे आखडून मागच्या मागे पळतो. हा छद्मविंचू. गोचिडाला ना असे चिमटे, ना ही उलटी चाल.

शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकला तो हातातल्या पुस्तकावरच दिसला आणि १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्याचे चित्र छापले गेले. जगभर घरांत आढळणारी जात म्हणजे ‘केलिफर कँक्रॉइड्स’, लांबी जेमतेम ३-४ मिलिमीटर. पुस्तकांतल्या बारीक किडी हे तिचे खाद्य. विष असते चिमट्यांच्या बोटांत, पण माणसाला त्याची बाधा होत नाही. असा पाहुणा कपाटात असणे पुस्तकांच्या फायद्याचेच!

ज्ञात जाती मात्र साडेतीन हजारांहून अधिक, त्यामुळे नेमकी जात ठरवायला सूक्ष्मदर्शक हवाच. त्याखाली नजर खिळते ती चिमट्यावरच्या लांब संवेदी केसांवर. हवेतली किंचितशी हालचालही ते टिपतात. बहुतेक कुळांत चिमट्याच्या हलत्या बोटावर पिल्लाला असा एकच केस असतो. दर वेळी कात टाकली की एकाची भर पडते आणि प्रौढाला चार होतात. केस मोजले की वाढीचा टप्पा कळतो. जात ओळखताना प्रौढाचे हे केस कुठे उगवले आहेत, तेही पाहावे लागते.

राहत्या जागेवरूनही बरेच उमगते. सालीखालच्या जाती चपट्या. कायम गुहेत राहणाऱ्या अनेक जाती फिकट, डोळे गमावलेल्या, लांबसडक चिमट्यांच्या. ‘एलिंगसेनियस इंडिकस’ सापडतो तो मधमाश्यांच्या पोळ्यांत. पंख नसूनही कित्येक छद्मविंचू दूरवर पोहोचतात, कारण ते माशीचा पाय चिमट्यात धरून लटकतात. पनामाच्या जंगलात तर हार्लेक्विन भुंगेऱ्याच्या पंखांखाली बसून प्रवास चालतो. धिप्पाड नर ती जागा अडवून धरतात आणि तिथे आलेल्या माद्यांशी मीलन साधतात.

शोधायचा असेल तर ओलसर पालापाचोळा पांढऱ्या कापडावर चाळावा आणि धीर धरावा. दचकलेला छद्मविंचू अंग चोरून निपचित पडून राहतो, मातीच्या कणासारखा. सुटलेल्या सालीखाली कधी रेशमाची चपटी, बंद खोली दिसते. आत पोटाशी अंड्यांची पिशवी घेतलेली मादी असू शकते. अशा वेळी साल होती तशी परत बसवावी.