ओझोन बनतो एकीकडे, साठतो दुसरीकडे

अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. मग जिथे ऊन सर्वांत कडक, त्या विषुववृत्तावरच ओझोन सर्वांत जास्त हवा. आहे मात्र उलटं. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीलगत आणून पसरला, तर विषुववृत्तावर जेमतेम अडीच मिलिमीटरचा थर भरेल. आर्क्टिकमध्ये मार्च-एप्रिलला चार किंवा त्याहून जास्त. तेही लांबलचक ध्रुवीय रात्र नुकती सरत असताना!

विषुववृत्ताकडची हवा वरच्या वर हळूहळू ध्रुवाकडे सरकून तिथे उतरत असावी, ही शक्यता शास्त्रज्ञ गॉर्डन डॉब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ मध्येच नोंदवली होती. भक्कम पुरावा आला तो ओझोनकडून नव्हे, पाण्याच्या वाफेकडून. इंग्लंडवरच्या स्थितांबरात, म्हणजे ओझोन साठतो त्या वरच्या थरात, विमानातून केलेल्या मोजणीत हवा कमालीची कोरडी निघाली. ॲलन ब्रूअर यांनी १९४९ मध्ये त्याचा अर्थ लावला : एवढी कोरडी व्हायला हवेला कुठेतरी उणे ऐंशी अंशांच्या आसपासच्या थंडीतून जावं लागलं असणार, आणि तशी थंडी असते विषुववृत्तावर, सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर. म्हणजे हवा तिथूनच वर शिरलेली. मला हा तर्क या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो.

ही चढण फार संथ, दिवसाला वीस-तीस मीटरची. ती चालवतो मात्र दूरचाच पंप. हिमालय, रॉकीसारख्या पर्वतरांगा आणि जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक यांमुळे हवेत प्रचंड लाटा उठतात. हिवाळ्यात त्या स्थितांबरापर्यंत पोहोचून फुटतात, तिथल्या पश्चिमी वाऱ्यांना लगाम बसतो आणि हवा ध्रुवाकडे घसरून खाली उतरते. स्थितांबराच्या खालच्या थरांत ओझोन महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे हिवाळाभर साठा वाढत जातो आणि वसंतात कळस गाठतो. उन्हाळ्यात पुरवठा आटतो, रासायनिक झीज सुरूच राहते.

दक्षिण गोलार्धात समुद्रच फार, म्हणून लाटा दुबळ्या. अंटार्क्टिकाभोवतीचा वाऱ्यांचा भोवरा अभंग राहतो, बाहेरचा ओझोन आत येत नाही. आतली हवा इतकी गारठते की ढग बनतात. त्या ढगांवर माणसाने सोडलेल्या रसायनांतलं क्लोरीन मोकळं होतं आणि सूर्य उगवताच ओझोन खाऊ लागतं. हेच १९८५ मध्ये जगाला कळलेलं ओझोनचं छिद्र. पण २०१९ च्या सप्टेंबरात तिथे अनपेक्षित जोरदार लाटा आल्या, भोवरा खिळखिळा झाला आणि छिद्र लहानच राहिलं. पुढच्याच वसंतात आर्क्टिकमध्ये लाटा थंडावल्या, तिथला भोवरा टिकला आणि ओझोन विक्रमी घटला.