पगारपत्रकातील भत्ते आणि म्हातारपणाचा पैसा

प्रॉव्हिडंट फंड म्हणजे पगारातून कापला जाणारा पैसा, एवढीच ओळख आपल्या बहुतेक सभासदांना असते. मालक त्यात स्वतःची जी भर घालतो तिचे काय होते, हे पगारपत्रकावर नीट उमगत नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांत राबलेल्या पिढीला निदान युनियनचा माणूस तरी समजावून सांगत असे. आज ठेकेदारामार्फत साफसफाईला वा पहाऱ्याला लागलेल्या आपल्या मुलांना सांगणारे कोणी नसते.

१९५२ च्या कायद्याने ही योजना सुरू झाली. सर्वसाधारणपणे कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के असा हिशेब असतो. कामगाराचा वाटा सगळा फंडात जातो. मालकाच्या वाट्याचे मात्र दोन भाग होतात. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या पेन्शन योजनेत ८.३३ टक्के जातात आणि उरलेले ३.६७ टक्के फंडात जमा होतात.

पण १२ टक्के कशाचे? खरी मेख येथेच आहे. मूळ पगार व महागाई भत्ता धरतात. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन धरत नाहीत. त्यामुळे मूळ पगार लहान ठेवून बाकी रक्कम 'विशेष भत्ता' या नावाखाली दाखवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी रूढ झाली. हातात येणारा पगार तोच, म्हणून कोणी तक्रारही करत नसे.

या युक्तीवर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी निकाल दिला. पश्चिम बंगालमधील विवेकानंद विद्यामंदिर ही शाळा आणि काही कारखाने यांची प्रकरणे त्यात एकत्र होती. न्यायालयाने भत्त्याच्या नावाकडे न पाहता तो कोणाला व कशासाठी मिळतो ते पाहिले. सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता हा मूळ पगाराचाच भाग होय. नेहमीपेक्षा जादा काम केले तरच मिळणारी किंवा उत्पादनाप्रमाणे कमीजास्त होणारी रक्कम तेवढी वेगळी. ही कसोटी अगदी नवी नव्हती. १९६२ च्या ब्रिज अँड रूफ कंपनीच्या खटल्यात तिचा पाया घातला गेला होता.

विद्यार्थ्यांनी हे गणित कागदावर मांडून पाहावे. मूळ पगार ९,००० रुपये, सर्वांना मिळणारा विशेष भत्ता ५,००० रुपये, घरभाडे २,००० रुपये. नुसत्या ९,००० वर मालकाचा वाटा १,०८० रुपये होतो. भत्ता धरून १४,००० वर १,६८० रुपये. दरमहा ६०० रुपयांचा फरक! पेन्शन काढताना शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७० असे सूत्र आहे. १४ वर्षे नोकरी झाली असेल तर पहिल्या हिशेबाने महिना १,८०० रुपये, दुसऱ्याने २,८०० रुपये. पेन्शनसाठी धरावयाच्या पगाराला मर्यादा असते. १ सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० रुपये करण्यात आली. म्हणजे या युक्तीची झळ मोठ्या साहेबाला फारशी लागत नाही, कमी पगाराच्या माणसालाच लागते.

२०२० साली संसदेने संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणखी एक अट आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवावी लागते.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. १९५२ च्या योजनेत तशी स्पष्ट मनाई केली आहे. 'दोन्ही वाटे तुझ्याच पगारातून' असे कोणी सांगितले तर ते कायद्याला धरून नाही. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तर ज्याच्या जागेत काम चालते त्या मुख्य मालकावर जबाबदारी येते. आपल्या यूएएन क्रमांकाचे पासबुक उघडून कामगाराचा, मालकाचा आणि पेन्शनचा असे तिन्ही रकाने पगारपत्रकाशी ताडून पाहावेत. नोंद जुळली नाही, तर दोन्ही कागदांच्या प्रतींसह भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. उपनगरांसाठी वांद्रे आणि कांदिवली येथे अशी कार्यालये आहेत.