भांडणारा वर्गणीदार

साने गुरुजींच्या ‘साधना’ साप्ताहिकाचा पहिला अंक १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघाला, तेव्हा आमचे पेडगाव निजामाच्या राज्यातच होते. आम्ही मोकळे झालो ते महिन्याभराने, १७ सप्टेंबरला!

गुरुजी म्हणजे ‘श्यामची आई’, एवढेच आपण मुलांना सांगतो. पण १९३८ साली अंमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढून शेतकरी-कामगारांची गाऱ्हाणी मांडली होती. नुसते लिहून ते थांबत नसत. लेखणी ठेवून त्यांच्यात जात, त्यांना संघटित करीत.

डाव्या विचारांच्या पत्राला जाहिराती बेताच्याच. त्याला जगवतो तो वर्गणीदार. आणीबाणीत यदुनाथ थत्ते संपादक असताना ‘साधना’वर सरकारी कारवाई झाली, तरी पत्र टिकले. १९९८पासून नरेंद्र दाभोलकर संपादक होते. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांची हत्या झाली. अंक निघत राहिले.

मी गावात वर्गणीदार जमवतो, तेव्हा ‘समाजवाद’ हा शब्दच काढत नाही. (तो काढला की माणसे घड्याळ बघतात.) पारावर बसून कापसाच्या भावावरचा एखादा लेख मोठ्याने वाचायचा. कोणीतरी म्हणतेच, “हे काही खरं नाही, मास्तर!” मला हवा असतो तो हाच. मान डोलावणारे वर्गणी विसरतात. भांडणारा पुढच्या अंकाची वाट बघतो. असे एक आजोबा आता नातीकडून अंक वाचून घेतात, आणि मध्येच तिला थांबवून संपादकांना चार शब्द सुनावतात.