आधी निजणे, मग उठणे

लवकर निजण्या-उठण्याविषयीचे सुभाषित आपण सर्वांनीच लहानपणी पाठ केलेले आहे. त्यात निजणे आधी येते आणि उठणे नंतर. आपले संकल्प मात्र उलट्या क्रमाने होतात. परीक्षेचे वेळापत्रक लागले की ‘उद्यापासून पहाटे पाचला उठायचे’ असे आपण ठरवतो. निजायचे किती वाजता, हे कोणीच ठरवीत नाही. तीन दिवस गजर वाजतो, चौथ्या दिवशी तो उशीखाली जातो आणि आपण आपल्या इच्छाशक्तीला बोल लावतो. माझ्या मते दोष इच्छाशक्तीचा नसून क्रमाचा आहे.

झोप कशी येते हे पाहिले म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. झुरिच येथील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेल्या विचारानुसार झोपेवर दोन गोष्टींची सत्ता चालते. एक म्हणजे जागेपणाचा साचत जाणारा भार. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि डोळे जड होऊ लागतात. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याचा मार्ग अडवते. भार नाहीसा करीत नाही. शिवाय घेतलेल्या कॅफीनपैकी सुमारे निम्मे पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असते. रात्री नऊच्या ‘कटिंग’चा हिशेब ज्याने त्याने करावा.

दुसरी सत्ता शरीरातील घड्याळाची. द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवांच्या या घड्याळाची रचना फळमाशीच्या अभ्यासातून उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः प्रकाशावर लावले जाते. सकाळचे ऊन ते पुढे आणते; रात्रीचा प्रखर दिवा आणि डोळ्यांपुढे धरलेला मोबाईल ते मागे ढकलतो.

आता अभ्यासाचे पाहू. झोपेची आवर्तने साधारण नव्वद मिनिटांची असतात. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक, तर स्वप्नांची झोप उत्तरार्धात अधिक. दिवसभरात वाचलेले पक्के करण्याचे काम या झोपेतच चालते. म्हणून एक वाजता निजून पाचला उठणारा विद्यार्थी चार तास कमावतो असे नव्हे. वाचलेले मुरण्याची वेळच तो कापून टाकतो. चरकाचार्यांनी आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटले आहे, ते उगीच नव्हे.

इतर सवयींची दोरीही याच खुंटीला बांधलेली आहे. पुरेशी झोप झाली की गजराशी झटापट होत नाही. वेळेवर उठलेला मनुष्य न्याहारी करून निघतो, पहिल्या तासाला जागा असतो आणि टिपणे त्याच दिवशी पुरी करतो. मग रात्री जागण्याचे कारणच उरत नाही. याउलट अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, लक्ष उडते आणि भजी-वड्याची ओढ वाढते. व्यायाम किंवा वाचन सुरू करायला उत्साह लागतो, आणि तो झोपेतूनच येतो. म्हणून सुधारणेची पहिली पायरी रात्रीच असावी.

यावर माझे काही मित्र म्हणतात, ‘आमचे डोके रात्रीच चालते.’ त्यात तथ्य आहे. ऐन तारुण्यात शरीराचे घड्याळ थोडे उशिराच चालते; तो आळस नव्हे. परंतु महाविद्यालयाची घंटा आपल्या घड्याळाप्रमाणे वाजत नाही. शिवाय एका खोलीत सहा माणसे राहतात अशी घरे आहेत, घरकाम उरकून अकराला पुस्तक उघडणाऱ्या मुली आहेत, रात्रपाळी करून शिकणारे आहेत. त्यांना ‘लवकर निजा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होईल. त्यांच्यासाठी घरातील इतरांनी दिवा आणि टीव्ही थोडा आधी बंद करणे, कामाचा वाटा उचलणे, हाच खरा उपाय आहे. झोप ही घराचीही जबाबदारी आहे.

ज्यांना शक्य आहे त्यांनी मात्र एकदम दोन तासांची उडी घेऊ नये. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे आधी अंथरुणावर पडावे. उठण्याची वेळ रविवारीही फारशी बदलू नये. सकाळी थोडा वेळ उन्हात काढावा, संध्याकाळनंतर चहा टाळावा आणि मोबाईल हाताच्या अंतरावर ठेवू नये. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. तेवढी मिळेल अशा बेताने निजण्याची वेळ उलटी मोजून काढावी.

दहाचा दिवा दहालाच मालवणे यात पराक्रम काही नाही, म्हणूनच ते जमण्यासारखे आहे. पहाटे पाचचा संकल्प ज्याला खरोखर पाळायचा आहे, त्याने तो आदल्या रात्रीच पाळायला घ्यावा.