पुढच्या शिक्षणासाठी वाडी गहाण टाकण्याआधी

आपल्या वसई-विरार पट्ट्यात आता घरटी एखादा तरी पदवीधर सापडतो. आई-बाप केळीच्या वाडीत राबले, भाजीच्या पाट्या गाडीने दादरला नेल्या, त्यातून पोरं बी.कॉम., बी.एस्सी. झाली. पुढे एम.बी.ए., एम.एस्सी. करायचं म्हटलं की मात्र घरात पहिला प्रश्न, पैसे कुठून? मग कोणी सोसायटीच्या कर्जाकडे बघतो, कोणी वाडी गहाण टाकायची भाषा करतो. तशी वेळ येण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. फी माफ होणार की नाही, हे बरेचदा आपण कोणत्या वाटेने अर्ज केला यावरच ठरतं.

अर्जाच्या मुख्य वाटा चार. पहिली एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ची. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. त्यामुळे विद्यापीठाकडे पूर्वनोंदणी, मग कॉलेजचा किंवा कालिन्याच्या विभागाचा अर्ज, मग गुणवत्ता यादी. पदवीच्या निकालाच्या सुमारास हे सुरू होतं आणि मुदत थोडी असते.

दुसरी वाट एम.बी.ए., एम.सी.ए., एम.एड. अशा अभ्यासक्रमांची. इथे राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज साधारण हिवाळ्यातच निघतात, म्हणजे भात झोडून खळं मोकळं झालं की पोराला विचारा, ‘फॉर्म भरलास का?’ परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेशाचा, मुलं ज्याला ‘कॅप राउंड’ म्हणतात त्याचा, दुसरा अर्ज करावा लागतो. परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं नव्हे. अनेक घरं इथेच फसतात.

तिसरी वाट संस्थेच्या स्वतःच्या कोट्याची, म्हणजे मॅनेजमेंट कोट्याची. चौथी दूरशिक्षणाची. त्यासाठी १९७१ साली सुरू झालेली मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था आहे, जिला लोक अजून ‘आयडॉल’ म्हणतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही १९८९ पासून आहे. वाडी सांभाळून शिकणाऱ्याला ही वाट सोयीची.

आता सवलतीकडे येऊ. सूट दोन प्रकारची असते. एक अर्जाच्या फीची. सीईटीला मागासवर्गीय उमेदवाराला कमी फी पडते. एम.टेक.साठी लागणाऱ्या गेट परीक्षेत मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना फी निम्मी असते. ही सूट लहान. मोठी सूट शिक्षण शुल्काची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. खुल्या गटातल्या मुलांना याच उत्पन्न मर्यादेत राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी सवलत मिळते. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे.

म्हणूनच मॅनेजमेंट कोट्याचं पाऊल जपून टाका. ‘आज पैसे भरा, सीट पक्की’ असं कोणी म्हटलं, तर त्या जागेवर फी सवलत मिळत नाही हे आधी समजून घ्या. कॅपच्या पुढच्या फेरीत तीच मुलगी कदाचित विनाशुल्क शिकली असती. खासगी विद्यापीठांना आणि खासगी अभिमत विद्यापीठांनाही २०२४ चा निर्णय लागू नाही. आणि माफी फक्त शिक्षण व परीक्षा शुल्काची. वसतिगृह, अनामत, पुस्तकं यांचा खर्च घरालाच करायचा आहे.

सवलत आपोआप मिळत नाही. प्रवेशानंतर महाडीबीटीवर वेगळा अर्ज भरावा लागतो आणि बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून एप्रिल लागला की नवा काढून ठेवा. जूनमध्ये एकीकडे पेरणी आणि दुसरीकडे कचेरीत रांग, अशी ओढाताण होते. ओबीसींना नॉन-क्रिमिलेअर दाखला वेगळा लागतो. तो उत्पन्नाच्या दाखल्याच्या जागी चालत नाही. जात पडताळणीला तर महिने लागतात, तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षीच ते प्रकरण दाखल करा.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना एक विनंती. एप्रिलमध्ये गावातल्या शेवटच्या वर्षाच्या मुला-मुलींची यादी करा आणि एक दिवस ग्रामपंचायतीत बसून त्यांचे दाखल्यांचे अर्ज भरून घ्या. रस्ता, गटार यांच्या मंजुरीसाठी आपण तालुक्याला दहा खेपा घालतो. गावातल्या पोरीच्या दाखल्यासाठी एक खेप जड नाही. एका कागदापायी कोणाची वाडी गहाण पडू नये, एवढं गावाने मनावर घेतलं तरी पुष्कळ झालं.