बेने इस्रायल समाज आणि अनुच्चारित ईश्वरनाम

हिब्रू धर्मग्रंथांत ईश्वराचे स्वनाम योद्, हे, वाव्, हे या चार व्यंजनांनी लिहिले जाते. ते लिहावयाचे, परंतु उच्चारावयाचे नाही. वाचताना त्याच्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे म्हणावयाचे, हा यहुदी परंपरेचा दंडक होय. लिखित व पठित यांतील हा भेद ज्याच्या समोर ग्रंथ उघडा आहे त्यालाच जाणवणार. मग ज्या समाजापाशी शतकानुशतके हिब्रू ग्रंथच नव्हते, त्याच्यापाशी हे नाव कोणत्या रूपाने राहिले? कोकणातील बेने इस्रायलांच्या संदर्भात हा प्रश्न अटळ ठरतो.

नौगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून पूर्वज येथे आले आणि ग्रंथ समुद्रात गेले, अशी या समाजाची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ‘शनवार तेल्यां’च्या मुखी ‘शेमा’ या प्रार्थनेचा प्रारंभ मात्र टिकून होता. त्यातील पहिल्याच वाक्यात चतुरक्षरी नाम दोनदा लिहिलेले असून दोन्ही वेळा ‘अदोनाय’ असे म्हटले जाते. म्हणजे मौखिक परंपरेने जपला तो नामाचा आडोसा, नाम नव्हे. पतीचा उल्लेख ‘इकडून’ असा करणाऱ्या जुन्या पिढीतील स्त्रीची येथे आठवण होईल. पण तिला ते नाव ठाऊक असे, हा भेद लहान नव्हे.

लिखित रूपाचा परिचय पुढे ग्रंथांबरोबर झाला. कोचीनच्या यहुदी शिक्षकांचा या कामी मोठा वाटा आहे. दुसरा धागा रत्नागिरी जिल्ह्यातून जातो. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आल्यावर मराठी शिकण्यासाठी हर्णे येथे राहिले, आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. समाजाने मात्र हिब्रूचे ज्ञान घेतले आणि आपला धर्म सोडला नाही. जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी पुढे हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातून परिचित झालेले ‘यहोवा’ हे रूप मात्र यहुदी नव्हे. वाचकास ‘अदोनाय’ म्हणण्याची आठवण राहावी म्हणून त्या शब्दाची स्वरचिन्हे चार व्यंजनांना जोडली जात. ती व्यंजनांसह एकत्र वाचल्याने हे रूप निर्माण झाले. ‘याह्वे’ हा उच्चार विद्वानांनी अनुमानाने सिद्ध केलेला आहे.

अर्थाविषयी आधार आहे तो निर्गम ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाचा. जळत्या झुडपापाशी मोशे नाव विचारतो, तेव्हा उत्तरात ‘एह्ये’ हे ‘हाया’ धातूचे प्रथमपुरुषी रूप येते. या धातूत ‘असणे’ व ‘होणे’ हे दोन्ही अर्थ आहेत, आणि रूप अपूर्णकाळाचे आहे. त्यामुळे ‘मी आहे’ यापेक्षा ‘मी असेन’ हा मराठी पर्याय मुळास अधिक जवळचा वाटतो. त्याच अध्यायात थोडे आधी मोशेला सोबतीचे आश्वासन देताना हेच रूप योजिले आहे. येथे उपनिषदांतील ‘सत्’ आठवणे स्वाभाविक असले तरी ते समीकरण फसवे आहे. ‘सत्’ कोणाला वचन देत नाही. काही अभ्यासक नामाचा अर्थ प्रयोजक मानून ‘अस्तित्वात आणणारा’ असा करतात. तथापि त्या धातूचे प्रयोजक रूप हिब्रू बायबलात अन्यत्र आढळत नाही, ही त्यातील अडचण होय.

नामाचा अंश मात्र ग्रंथांवाचूनही कोकणात उच्चारला जात होता. एलियाहू संदेष्ट्याविषयी बेने इस्रायलांची श्रद्धा विशेष असून तो अलिबागजवळील खंडाळे येथे प्रकट झाला, असे ते मानतात. नवस फेडताना किंवा लग्नकार्यात पोहे, नारळ व साखर यांचा मलिदा करून त्याचे स्मरण केले जाते. ‘एलियाहू’ म्हणजे ‘माझा ईश्वर याहू’. आणि ‘याहू’ हे त्या चतुरक्षरी नामाचेच संक्षिप्त रूप आहे.